रंगाखालची सायकल : जीर्णोद्धार आणि पुरावा

जुनी, मोडकी आणि पुन्हा रंगविलेली सायकल हाती आली, म्हणजे तिला 'नवीसारखी' करण्याकडे मनाचा ओढा स्वाभाविकपणे होतो. परंतु ती वस्तू इतिहासाचे साधन आहे असे एकदा मान्य केले, की वरचा रंग खरवडणे ही साधी साफसफाई राहत नाही. तो साधनावरचा संस्कार ठरतो, आणि चुकला तर परत फिरविता येत नाही. नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम व कॉव्हेंट्री येथील कारखान्यांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाहेर पडलेल्या काळ्या सायकलींच्या बाबतीत हा प्रश्न विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

या सायकलींचा मूळ काळा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असे. त्यावर लांब केसांच्या कुंचल्याने हाताने रेघा ओढीत, कारखान्याची चित्रमुद्रा चिकटवीत व अखेर वार्निशाचा हात देत. भाजलेला थर कठीण असतो; पुढे एखाद्या मालकाने कुंचल्याने चढविलेला बाजारी रंग त्या मानाने मऊ. या फरकावरच जीर्णोद्धाराची सारी भिस्त आहे. सौम्य द्रावकात भिजविलेला कापूस आणि लाकडी पट्टी घेऊन बोटभर जागेवर प्रथम प्रयोग केल्यास वरचा थर सुटतो आणि खालची रेघ शाबूत मिळण्याचा संभव असतो. कॉस्टिक सोडा, दिव्याची ज्योत किंवा वाळूचा मारा यांना असा भेद कळत नाही. ती सर्वच थर नेतात. चित्रमुद्रा तर सर्वांत नाजूक. शिवाय जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असल्याने ते कोरडे घासणे आरोग्यास अपायकारक आहे.

मुद्रा व नामपट्टी दोन्ही गेली असली, तरी ओळख पटविण्याचे मार्ग उरतात. रॅले कंपनीच्या मोठ्या दातेरी चक्रात बगळ्याची डोकी कोरलेली दिसतात, रजच्या चक्रात हाताचा पंजा, तर हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या. हंबरचा पुढचा चिमटा जोडनळ्यांचा असल्याने दुरूनही ओळखू येतो. मात्र रॅलेने हंबरचा सायकल-व्यवसाय १९३२ मध्ये व रजचा १९४३ मध्ये आपल्याकडे घेतला. त्यामुळे चिन्ह एकाचे व कारखाना दुसऱ्याचा अशी स्थिती नंतरच्या सायकलींत आढळते. स्टर्मी-आर्चरचा तीन वेगांचा 'एडब्ल्यू' हब १९३६ मध्ये निघाला. युद्धोत्तर हबांवर वर्ष व महिना ठोकलेला असतो. पण ही तारीख हबची आहे, सायकलीची नव्हे. चाक बदलणे हे घटकाभराचे काम. सांगाडा बदलत नाही. म्हणून सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक आधी रंगातून मोकळा करावा आणि हबची साक्ष त्याच्याशी ताडून पाहावी.

येथे पाठचिकित्सेचे उदाहरण उपयोगी पडते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत उत्तरकालीन म्हणून वगळलेले श्लोक नष्ट केलेले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपले आहेत. सायकलीवरील नंतरचे थर हेही एक प्रकारचे प्रक्षेपच. परंतु खरवडलेल्या रंगाला परिशिष्ट नसते! युद्धकाळचे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये काळोखाच्या नियमांमुळे सायकलीच्या मागील मडगार्डावर पांढरा पट्टा आवश्यक होता, आणि धातूंच्या टंचाईमुळे एरवी चकाकणारे भागही काळ्या रंगाचे निघू लागले. अशा सायकलीच्या हँडलावर आज झगझगीत क्रोम चढविणारा कारागीर तिचे रूप खुलवील खरे. पण जी सायकल कधी नव्हतीच, ती तो निर्माण करील. मडगार्डावरचा पांढरा डागही त्याला घाणच वाटेल.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या संदर्भात दोन तत्त्वे मांडली : निरनिराळ्या काळांनी घातलेल्या रास्त भरीचा मान राखावा, आणि पुराव्याची जागा तर्काने घेतली की जीर्णोद्धार थांबवावा. ती सायकलीला लागू करण्यास हरकत दिसत नाही. तथापि प्रत्येक थर पवित्र मानण्याचेही कारण नाही. गंज झाकण्यासाठी फासलेला घरगुती रंग खालची पत्रा-नळी खात असेल, तर तो काढलाच पाहिजे.

मोडतोडीचा विचार यापेक्षा सोपा आहे. वाकलेला चिमटा थंड स्थितीत सावकाश सरळ करता येतो. पण सांध्याजवळ चीर दिसल्यास ती सायकल रस्त्यावर आणू नये, केवळ जतन करावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला, त्या १८८८ च्या सुमारापासून आपल्याकडेही दुरुस्तीची परंपरा आहे. तिचा कटाक्ष सायकल चालती ठेवण्यावर होता, आणि त्या दृष्टीने भाग बदलणे योग्यच होते. ते बदललेले भागही फेकून देऊ नयेत. चिठ्ठी बांधून वेगळे ठेवावेत. नव्याने घातलेल्या भागावर आतल्या बाजूस वर्ष कोरावे, प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे, आणि पॅडलांच्या आसाखाली, जेथे सहसा नजर जात नाही, तेथे सर्व थरांसह दोन बोटे रुंदीची पट्टी न खरवडता तशीच राहू द्यावी.