राणीचं पांढरं पातळ

आजचा भाग झाशीतून. इथल्या सीपरी बाजारात एका दुकानाबाहेर, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी लक्ष्मीबाईचा तयार पोशाख टांगलेला दिसला. लाल शालू, नथ, चंद्रकोर, पत्र्याची तलवार. पुण्यात, नागपुरात, इंदुरातही हाच मिळतो. पण राणीने झाशीवर राज्य केलं ते या वेशात नाही.

गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. पुढच्या वर्षी कंपनीने दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. तेव्हा राणीने जॉन लँग या वकिलाला सल्ल्यासाठी बोलावलं. भेटीआधीच वाटाघाटी झाल्या त्या पेहरावावरून! जोडे काढायचे, पण हॅट डोक्यावर ठेवायची, असं ठरलं. राणी पडद्याआडून बोलत होती. छोट्या दामोदररावाने पडदा सारला आणि लँगला ती क्षणभर दिसली. अंगावर अगदी तलम पांढरं वस्त्र, कानात सोनं, बाकी दागिना नाही.

दुसरा साक्षीदार आपला, वरसईचा. विष्णुभट गोडसे बंडाच्या काळात झाशीत होते. ‘माझा प्रवास’मध्ये ते राणीचे दोन वेश सांगतात. कधी पुरुषी, म्हणजे पायजमा, बंडी, डोक्याला पागोटं, कमरेला तलवार. कधी बायकी, म्हणजे पांढरं पातळ, पांढरी चोळी, गळ्यात मोती, बोटात हिऱ्याची अंगठी. नथ नाही.

आता हे त्या काळाशेजारी ठेवून बघा. ब्राह्मण विधवेच्या वाट्याला तेव्हा केशवपन आणि लाल आलवण यायचं, चोळीही सुटायची. राणीने सवाष्णीचा साज सोडला, पण आलवणही घेतलं नाही. रंगातून वैधव्य पाळलं, पोत, मोती आणि हिरा यांतून दर्जा राखला. एवढी मोकळीक राजघराण्यातल्या बाईलाच मिळू शकत होती. साध्या भटजीच्या विधवेने हेच केलं असतं, तर घरावर बहिष्कार पडला असता.

युरोपातही असंच होतं. प्रबोधनकाळात व्हेनिसमध्ये बायकांनी मोती किती आणि कधी घालायचे याचे कायदे होते. फ्रान्सची कॅथरीन द मेदिची १५५९ मध्ये विधवा झाली. पुढे आयुष्यभर ती काळ्या कपड्यांत राहिली आणि मुलांच्या नावाने कारभार पाहिला. मुलाच्या वतीने राज्य करणाऱ्या आईला शोकाचा पोशाख उपयोगी पडतो. ‘मला स्वतःसाठी काही नको’ हे तो न बोलता सांगतो. लक्ष्मीबाईही दामोदररावाच्या वतीनेच हक्क मागत होती.

म्हणून तो लाल शालू मला खटकतो. त्यात मुली गोड दिसतात, तक्रार त्याची नाही. पण नथ चढवली की राणीचं वैधव्य पुसलं जातं, आणि तिची निम्मी लढाई तर तिथेच होती. जिला समाज कोपऱ्यात बसवायचा, ती दरबारात बसली. घरी मुलीला राणी करायची असेल, तर एकदा पांढरं पातळ नेसवून पाहा. ती ‘पांढरं का?’ असं विचारेल. मग तिला हे सगळं सांगा.