मॅडिसन स्क्वेअर गार्डन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क शहरातील जगप्रसिद्ध बंदिस्त क्रीडागार व बहुउद्देशीय प्रेक्षागृह. मॅनहॅटन भागात सातव्या व आठव्या ॲव्हेन्यूंच्या दरम्यान पेनसिल्व्हेनिया रेल्वेस्थानकाच्या माथ्यावर ते उभे आहे. मुष्टियुद्ध, बास्केटबॉल, बर्फावरील हॉकी इ. खेळांचे सामने, संगीताचे जलसे, सर्कशी, प्रदर्शने व राजकीय मेळावे एकाच वास्तूत भरविण्याची परंपरा या नावाशी निगडित आहे. १८७९ पासून या नावाच्या चार वास्तू झाल्या. त्यांपैकी पहिल्या दोनच मॅडिसन चौकालगत होत्या. नाव टिकले, वास्तू मात्र एकामागून एक पाडल्या गेल्या. शहरातील जागेचे मोल, करमणुकीचा व्यवसाय आणि वास्तुवारसा यांचा परस्परसंघर्ष या इतिहासातून स्पष्ट होतो.

पहिल्या वास्तूचे मूळ एका रेल्वेस्थानकात आहे. १८७१ मध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावर ग्रँड सेंट्रल हे नवे स्थानक सुरू झाल्यावर मॅडिसन चौकालगतचे जुने स्थानक रिकामे पडले. प्रसिद्ध सर्कसचालक पी. टी. बार्नम (१८१०–९१) याने १८७४ मध्ये तेथे शर्यती व कसरती यांसाठी रंगण उभारले. त्यानंतर वाद्यवृंदप्रमुख पॅट्रिक गिलमोर (१८२९–९२) याने ती जागा भाड्याने घेऊन तिला ‘गिलमोर्स गार्डन’ असे नाव दिले. ३१ मे १८७९ रोजी विल्यम किसम व्हँडरबिल्ट याने तिचे ‘मॅडिसन स्क्वेअर गार्डन’ असे नामांतर केले. या वास्तूला पूर्ण छप्पर नसल्यामुळे हिवाळ्यात तिचा उपयोग मर्यादित होई. १८८९ मध्ये ती पाडण्यात आली.

त्याच जागी १८९० मध्ये दुसरी वास्तू उभी राहिली. तिचा आराखडा ‘मॅकिम, मीड अँड व्हाइट’ या संस्थेतील वास्तुशिल्पज्ञ स्टॅनफर्ड व्हाइट (१८५३–१९०६) याने तयार केला होता. स्पेनमधील सेव्हिल येथील खीराल्दा मनोऱ्याच्या धर्तीवरील तिचा उंच मनोरा आणि त्यावरील, ऑगस्टस सेंट-गॉडन्सने घडविलेली डायना देवतेची मूर्ती ही शहराची भूषणे ठरली. येथील सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती विशेष गाजल्या. एकाच स्वाराने दिवसाकाठी बारा तासांहून अधिक काळ शर्यतीत राहू नये, असा निर्बंध राज्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला. तेव्हा दोघादोघांच्या जोड्यांनी आळीपाळीने धावण्याची पद्धत निघाली. सायकल शर्यतींतील ‘मॅडिसन’ या प्रकाराचे नाव त्यावरूनच पडले. २५ जून १९०६ रोजी याच वास्तूच्या गच्चीवरील नाट्यगृहात हॅरी थॉ या धनिकाने वैयक्तिक वैमनस्यातून व्हाइटचा गोळ्या घालून खून केला. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाला अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविण्यासाठी येथे तब्बल १०३ वेळा मतदान घ्यावे लागले. वास्तू देखणी असली, तरी तिचा खर्च भागेनासा झाला. ती गहाण ठेवून घेणाऱ्या विमा कंपनीने १९२५ मध्ये ती पाडली व तेथे आपली कचेरी बांधली. डायनाची मूर्ती पुढे फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात गेली.

तिसरी वास्तू मुष्टियुद्धांचे सामने भरविणाऱ्या टेक्स रिकर्ड (१८७०–१९२९) याने आठव्या ॲव्हेन्यूवर, जुन्या ट्रामगाड्यांच्या आगाराच्या जागी, अवघ्या २४९ दिवसांत बांधून घेतली. १९२५ मध्ये सुरू झालेल्या या वास्तूत शोभेपेक्षा आसनसंख्येला महत्त्व होते. मुष्टियुद्ध हे तिचे मुख्य आकर्षण असले, तरी १९२५ पासून हॉकीचा व १९४६ पासून बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ येथे खेळू लागल्यामुळे तिला वर्षभर नियमित प्रेक्षक लाभले. राजकीय मेळाव्यांसाठीही ती भाड्याने दिली जाई. २७ मार्च १९३३ रोजी नाझींच्या ज्यूविरोधी धोरणाचा निषेध करणारा प्रचंड मेळावा येथे भरला. तर २० फेब्रुवारी १९३९ रोजी नाझीधार्जिण्या जर्मन-अमेरिकन बुंड या संघटनेच्या सभेला त्याच सभागृहात सु. २०,००० लोक जमले. १९६८ मध्ये ही वास्तू बंद झाली व नंतर पाडण्यात आली.

चौथी म्हणजे विद्यमान वास्तू ११ फेब्रुवारी १९६८ रोजी खुली झाली. तिच्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. या जागी पूर्वी पेनसिल्व्हेनिया रेल्वेस्थानकाची भव्य इमारत होती. प्राचीन रोममधील स्नानगृहांच्या धर्तीवरील ही इमारत १९१० मध्ये पूर्ण झाली होती आणि तिचे शिल्पकारही ‘मॅकिम, मीड अँड व्हाइट’ हेच होते. म्हणजे ज्यांनी दुसरे गार्डन उभारले, त्यांचीच कृती चौथ्या गार्डनसाठी नाहीशी झाली. प्रवासी घटल्याने तोट्यात आलेल्या रेल्वे कंपनीने रुळांच्या वरच्या जागेवर बांधकाम करण्याचे हक्क विकले. वास्तुशिल्पज्ञांनी निदर्शने केली. परंतु जुनी इमारत वाचविणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. २८ ऑक्टोबर १९६३ रोजी पाडकामास प्रारंभ झाला. रूळ व फलाट जमिनीखाली तसेच राहिले. या हानीमुळे लोकमत जागे झाले व १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वास्तुवारसा जतनाचा कायदा झाला. त्याच कायद्याच्या आधारे ग्रँड सेंट्रल स्थानक वाचले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला.

चार्ल्स लकमन याच्या संस्थेने आखलेल्या या वर्तुळाकार वास्तूचे छत पोलादी दोरांनी तोललेले असून आत दृष्टीआड येणारा एकही खांब नाही. बास्केटबॉलच्या सामन्यास येथे सु. १९,८०० प्रेक्षक बसू शकतात. हॉकीसाठी गोठविलेल्या बर्फावर उष्णतारोधक फळ्या अंथरून त्यांवर लाकडी मैदानाचे तुकडे जोडतात. त्यामुळे बर्फ न वितळविता काही तासांत बास्केटबॉलचे मैदान सज्ज होते. ८ मार्च १९७१ रोजी येथे जो फ्रेझरने मुहंमद अलीचा पंधरा फेऱ्यांच्या लढतीत पराभव केला. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी पंडित रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांच्या पुढाकाराने बांगला देशातील पीडितांसाठी येथे दोन जलसे झाले. त्यांत रविशंकरांना उस्ताद अली अकबर खाँ व अल्लारखाँ यांची साथ होती. मोठ्या निधिसंकलनपर जलशांचा तो आद्य नमुना मानला जातो.

२०१३ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणावर सु. एक अब्ज डॉलर खर्च झाला. वास्तूचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तिचे आधारस्तंभ खालच्या फलाटांवर उतरतात व दाटीच्या स्थानकाची सुधारणा अवघड करतात. १९६३ मध्ये मिळालेला पन्नास वर्षांचा परवाना संपल्यावर नगरपालिकेने २०१३ मध्ये दहा वर्षांची आणि २०२३ मध्ये केवळ पाच वर्षांची मुदतवाढ दिली. दरम्यान २०२१ मध्ये समोरच्या जुन्या टपाल कचेरीत, म्हणजे त्याच वास्तुशिल्पज्ञांच्या दुसऱ्या इमारतीत, रेल्वेप्रवाशांसाठी मॉयनिहॅन दालन सुरू झाले. रेल्वेस्थानकात जन्मलेल्या या संस्थेचे भवितव्य अशा रीतीने पुन्हा रेल्वेस्थानकाशीच जोडले गेले आहे.