तफावत, विरोध आणि विसंवाद

दोन गोष्टी एकमेकींशीं जुळत नाहींत, एवढें सांगावयास मराठींत शब्दांची वाण नाहीं. फरक आणि तफावत हे शब्द मूळचे अरबी, फारसीच्या द्वारें आलेले. भेद, विरोध, विसंगति, विसंवाद हे संस्कृतांतले. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून दरबारांतील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले; तरी तफावत मराठींतून गेली नाहीं. हे सारे शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास वापरले जातात. संभाषणांत त्यानें फारसें बिघडत नाहीं. इतिहासांत मात्र एका शब्दाच्या चुकीनें प्रामाणिक लेखक खोटा ठरतो. खुद्द छत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद हें याचें उत्तम उदाहरण होय.

उत्तरकालीन बखरींच्या आधारें शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध २, म्हणजे एप्रिल १६२७, ही जन्मतिथि दीर्घकाळ रूढ होती. पुढें कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली.

या दोन तिथींमधलें अंतर मोजतां येतें. त्यास तफावत म्हणावें. शकांचे आंकडे वजा केले तर ती दोन वर्षांची दिसते, इसवी सनाचे केले तर तीन वर्षांची. वस्तुतः वैशाख हा शकवर्षाचा दुसरा महिना व फाल्गुन शेवटचा. म्हणून खरें अंतर तीन वर्षांस दीडएक महिना कमी, इतकें भरतें. तफावत हा हिशेबाचा शब्द आहे. अंतर किती, एवढेंच तो सांगतो. चूक कोणाची, हें सांगत नाहीं.

परंतु एकच पुरुष दोनदां जन्मत नाहीं. एक विधान खरें मानलें कीं दुसरें सोडावेंच लागतें. हा विरोध होय. मात्र विरोध म्हणजे लबाडी नव्हे. बखरकार घटनेनंतर फार काळानें, हातीं आलेल्या माहितीवर विसंबून लिहीत होते. त्यांचें विधान टाकावें लागलें, तरी त्यांस असत्यवादी म्हणण्याचा अधिकार कोणास मिळत नाहीं.

विसंगति ही एकाच लेखाच्या पोटांत असते. शक, संवत्सर, तिथि व वार यांपैकीं एखादें अंग दुसऱ्याशीं जुळलें नाहीं, तर तो लेख विसंगत. जेध्यांच्या नोंदींत शके १५५१ ला शुक्ल संवत्सर बरोबर येतो, आणि गणितानें त्या दिवशीं शुक्रवारच निघतो. पण शके १५४९ चा प्रभव संवत्सरही बरोबरच आहे! तेव्हां केवळ सुसंगतपणावर निकाल देतां येत नाहीं.

तेथें विसंवाद हा शब्द उपयोगी पडतो. सातव्या शतकांतील बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ति यानें जें ज्ञान विसंवादी नाहीं, तेंच प्रमाण मानलें. एका साक्षीची दुसरीशीं गांठ घालून पाहावी, हा त्यांतून घेण्याजोगा धडा. छत्रपतींचा समकालीन कवि कवींद्र परमानंद यानें आपल्या शिवभारतांत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच दिली आहे. देशमुखांच्या घरची टिपणें आणि संस्कृत काव्य, हीं दोन वेगळ्या प्रकारचीं साधनें एकच तिथि सांगतात. जुन्या तिथीचा या दोहोंशीं विसंवाद होतो. म्हणून ती मागें पडली.

उरला भेद. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन गणनेची तारीख. आज चालणाऱ्या ग्रेगोरियन गणनेनें तोच दिवस १ मार्च १६३० होतो. आज महाराष्ट्रांत शिवजयंतीची शासकीय सुट्टी १९ फेब्रुवारीस असते, आणि कित्येक मंडळी फाल्गुन वद्य तृतीयेस उत्सव करतात. दिवस दोन दिसले, तरी दोघांच्याही मनांतील जन्मदिवस एकच आहे. निराळी आहे ती मोजण्याची रीत. या दोन मिरवणुका पाहून जो म्हणतो कीं जन्मतिथीचा निकाल अद्याप लागलाच नाहीं, तो भेदासच विरोध समजून बसलेला असतो.