उभा घोडा, पळता घोडा आणि प्रकाशाचा कालावधी

राणी लक्ष्मीबाईंच्या अश्वपरीक्षेची एक हकीकत विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे मराठी वाचकांना परिचित आहे. विक्रीस आलेले दोन घोडे दिसण्यात सारखेच उमदे होते. राणींनी दोहोंवर बसून पाहिले आणि एकाचे मोल भरपूर, तर दुसऱ्याचे नाममात्र ठरवले; दुसरा छातीत दुखावलेला होता. उभ्या घोड्यात न दिसणारे वैगुण्य चालीत प्रकट झाले.

त्या काळच्या कॅमेऱ्याला मात्र फक्त उभा घोडाच दिसत असे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांची ओल्या कलोडियनची पद्धत १८५१ पासून ज्ञात होती. पण काच ओली असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे आणि प्रकाशनाला बहुधा काही सेकंद लागत. फेलिचे बिआतो १८५८ मध्ये लखनौला पोहोचले ते लढाई सरल्यावर. सिकंदर बागेच्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात घोडा आहे, पण तोही उभा. हिशेब सोपा आहे. भरधाव घोडा सेकंदाला सुमारे १६ मीटर जातो. दोन सेकंदांत तो ३२ मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे काचेवर त्याचा मागमूसही उरत नाही.

राणींना जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ वीरमरण आले. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, जून १८७८ मध्ये, कॅलिफोर्नियात एडवर्ड माइब्रिज यांनी पळत्या घोड्याची क्रमवार चित्रे घेतली. बारा कॅमेरे ओळीने मांडले होते आणि धावमार्गावर ताणलेल्या तारांनी त्यांची झडप उघडत होती. प्रकाशनाचा अवधी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून कमी असल्याचा त्यांचा दावा होता. तेवढ्यात घोडा जेमतेम ८ मिलिमीटर सरकतो. चारही खूर अधांतरी असतात हे सिद्ध झाले, पण चित्रकार रंगवत तसे पाय फाकलेले असताना नव्हे, तर ते पोटाखाली गोळा झाले असताना. इतक्या कमी वेळात पुरेसा उजेड मिळावा म्हणून पांढरा पडदा उभारला होता. तरीही घोडा उमटला तो जवळजवळ काळ्या आकृतीसारखा.

प्रश्न आता उजेडाचा झाला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पूड आली. तिचा भडका आणि धूर माणसांनाही दचकवी, मग प्राण्यांचे काय! खरे वळण १९३१ च्या सुमारास आले. एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी कपॅसिटरमधला विद्युत्‌भार वायूने भरलेल्या नळीतून एका क्षणात सोडला. गती गोठवण्याचे काम झडपेकडून दिव्याकडे गेले.

पाळीव प्राण्यांची छायाचित्रे घेऊ पाहणारा नवशिक्या नेमका येथेच चुकतो. झाशीच्या इलाइट चौराह्याजवळच्या एखाद्या स्टुडिओत कोणी आपला कुत्रा आणला, अशी कल्पना करू. आयएसओ १००, छिद्र एफ/८, झडप १/२०० सेकंद. एवढ्यावर खोलीतला साधा उजेड चित्रात जवळपास उमटतच नाही. चित्र घडते ते फ्लॅशच्या लखलखाटात. म्हणून शेपटी स्पष्ट येते की पुसट, हे त्या लखलखाटाच्या कालावधीवर ठरते. अनेक आधुनिक फ्लॅशमध्ये शक्ती कमी केली की हा कालावधीही कमी होतो. त्यामुळे दिवा दूर ठेवून पूर्ण शक्तीने पेटवण्यापेक्षा जवळ आणून मंद ठेवणे शहाणपणाचे: २ मीटरवरून १ मीटरवर आणला की प्रकाश चौपट होतो, शिवाय तो मृदू पडतो. प्राणीही कमी बिचकतो, आणि बिचकलेल्या प्राण्याचे कान मागे गेले की उत्तम दिवाही निरुपयोगी.

दिवा भिंगाच्या अगदी लगत मात्र नको. कुत्र्या-मांजरांच्या दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो. समोरून आलेला प्रकाश तो तसाच परत फेकतो आणि डोळे हिरवट चमकतात. दिवा बाजूला आणि थोडा वर घेतला की ही चमक जाते.

काळ्या कुत्र्याला उजळलेल्या पांढऱ्या पडद्यापुढे बसवले, तर माइब्रिज यांच्या घोड्यासारखीच सपाट आकृती हाती येते. केसांचा पोत दिसण्यासाठी पडद्याचा उजेड उतरवून दुसरा दिवा कडेने, किंचित मागून लावावा लागतो.