सरावाचे गुण आणि २०१६ चा उन्हाळा

१/
२८ एप्रिल २०१६. बारावीची परीक्षा संपली होती आणि धुळे-जळगावचे वैद्यकीय प्रवेशेच्छू विद्यार्थी ५ मे रोजीच्या एमएचटी-सीईटीसाठी सराव प्रश्नपत्रिका सोडवत होते. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: यंदापासून वैद्यकीय प्रवेश ‘नीट’द्वारेच, पहिला टप्पा १ मे, दुसरा २४ जुलै.

२/
सरावावरून अंतिम गुणांचा अंदाज बांधणे ही महाराष्ट्राची जुनी सवय. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली, न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर त्याच तुकडीतले. पुढे शाळांची पूर्वपरीक्षा, म्हणजेच ‘प्रिलिम’, मुख्य परीक्षेचा आरसा मानली गेली. आरसा विश्वासार्ह होता, कारण दोन्ही परीक्षांचा साचा एकच होता.

३/
२०१६ साली नेमका साचाच बदलला. सीईटीला राज्य मंडळाचा बारावीचा अभ्यासक्रम, २०० प्रश्न, २०० गुण आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही. नीटला अकरावी-बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम, १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. शिवाय त्या वर्षीची नीट इंग्रजी आणि हिंदीतच होती.

४/
याचा परिणाम गणितात पाहावा. चार पर्यायांचे ४० प्रश्न केवळ अंदाजाने सोडवले, तर सरासरी १० बरोबर येतात. सीईटीत त्याचे १० गुण, म्हणजे एकूण गुणांच्या ५ टक्के. नीटमध्ये ४० मिळतात, ३० जातात. उरतात तेही १० च, पण ७२० पैकी, म्हणजे जेमतेम १.४ टक्के. ‘एकही प्रश्न सोडायचा नाही’ हा सीईटीचा नियम येथे जवळपास निष्फळ ठरला.

५/
९ मे रोजी न्यायालयाने राज्यांची विनंती फेटाळली. २४ मे रोजी राष्ट्रपतींनी अध्यादेशावर स्वाक्षरी केली आणि त्या वर्षापुरत्या सरकारी जागा नीटमधून वगळल्या गेल्या.

६/
खान्देशात त्या वेळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकच होते, धुळ्याचे. जळगावचे २०१८ साली आले. म्हणून धुळ्याची सरकारी जागा सीईटीच्या गुणांवर, तर खासगी महाविद्यालयांतील सरकारी कोट्याबाहेरची जागा नीटच्या गुणांवर. एकाच विद्यार्थ्याला दोन वेगळे अंदाज बांधावे लागले. शुल्काचा, कर्जाचा आणि ‘आणखी एक वर्ष थांबायचे का’ या प्रश्नाचा निर्णय त्यांवरच अवलंबून होता.

७/
सीईटी ते नीटचा दुसरा टप्पा, मध्ये ८० दिवस. तेवढ्यात अकरावीची पुस्तके पुन्हा उघडायची होती. २०१७ पासून वैद्यकीय प्रवेशासाठी नीट अनिवार्य झाली. त्या वर्षी मराठीतही प्रश्नपत्रिका मिळाली.

८/
२०१९ पासून सीईटी संगणकावर, अनेक सत्रांत होऊ लागली आणि गुणांची जागा पर्सेंटाइलने घेतली. आता आपले गुण ठाऊक असूनही भागत नाही. त्याच सत्रातील इतरांचे गुणही निर्णायक ठरतात. घरी सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेत ते इतर नसतातच.

९/
२०१६ च्या त्या पिढीचा सराव खोटा नव्हता. तो दुसऱ्या परीक्षेचा होता. सराव परीक्षेचा अंदाज तिने ज्या परीक्षेची नक्कल केली, तेवढ्यापुरताच खरा असतो.