नवस आणि नेम

इतिहासाच्या नावाने व्याख्यानमालांतून लढाया, तह आणि राजघराणी यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोलले जावे हेही योग्यच आहे. आज आम्ही ज्या विषयाला हात घालीत आहोत त्याचे दप्तर मात्र कोणत्याही वाड्यात सापडावयाचे नाही. पाठीचा कणा दुखावून घरातले माणूस अंथरुणाला खिळले म्हणजे त्या घराच्या श्रद्धेचे काय होते, हा तो विषय. श्रद्धा कागदावर सही करीत नाही. तिची मोजदाद खानेसुमारीत होत नाही. पण ती माणसांकडून कामे करवून घेते, आणि कामांचा माग काढता येतो. तो माग आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत काढणार आहोत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. आम्ही कधी वरोऱ्यास असू आणि कधी भामरागडच्या रानात, तरी कथा एकाच मुलखाची आहे.

ह्या मुलखात संकट आले म्हणजे माणूस प्रथम देवाकडे जातो. चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा चैत्रात भरते. मराठवाड्यापासून तेलंगणापर्यंतची माणसे तेथे येतात आणि झरपट नदीच्या काठी मुक्काम करतात. तेथील देवालय अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राणी हिराई हिने उभारले. पती बीरशहा याच्या मागे राज्याचा भार वाहणारी ही विधवा बाई. यात्रेतील गर्दीत आजाऱ्याला घेऊन आलेली कुटुंबे असतात, आणि त्यांच्या ओठांवर नवस असतो. नवसाचे व्याकरण सर्वांना ठाऊक आहे : अमुक झाले तर तमुक करीन. सुशिक्षितांनी त्याला हसण्याची चाल पडली आहे. आम्ही हसणार नाही. ज्या घराने आजाऱ्याला टाकून दिले ते घर नवस करीत नाही. नवस बोलणे म्हणजे ह्या माणसाचे खाते आम्ही अजून बंद केलेले नाही, असे चारचौघांत जाहीर करणे होय.

परंतु कणा हा अवयव मोठा कठोर आहे. ज्वर उतरतो, देवी ओसरतात, हाड सांधते. कण्यातील मज्जारज्जू एकदा पुरता तुटला की तो आजच्या वैद्यकालाही पूर्ववत जोडता येत नाही. म्हणजे ‘अमुक झाले तर’ ह्यातील ‘अमुक’ बहुधा घडतच नाही. मग कुटुंबाच्या श्रद्धेने जावे कोठे? येथे आपल्या भाषेतील दुसरा शब्द उपयोगी पडतो. तो म्हणजे नेम. नेमाला अट नसते. तुळशीला पाणी घालणारी बाई तुळशीशी करार करीत नाही.

वैद्यकाचा इतिहासही हेच सांगतो. एडविन स्मिथ याने १८६२ साली मिसर देशात विकत घेतलेल्या एका प्राचीन गुंडाळीत मानेचा मणका निखळलेल्या रोग्याचे वर्णन आहे. त्याचे हातपाय लुळे पडतात, मूत्र नकळत गळते, हे सारे त्या वैद्याने पाहिले होते. आणि शेवटी ही व्याधी उपचार करण्याजोगी नाही असा निर्वाळा त्याने दिला. त्यानंतर सुमारे साडेतीन हजार वर्षे तो निर्वाळा फारसा बदलला नाही. आपल्या सुश्रुताने मांडीचे, कंबरेचे आणि पाठीच्या कण्याचे हाड मोडलेल्या रोग्यासाठी कपाटशयन सांगितले आहे. दाराच्या फळीसारख्या सपाट तक्त्यावर निजवावे आणि हालचाल होऊ नये म्हणून बाजूंना खुंट्या ठोकाव्या, असा तो विधी. सुताची किंवा सुंभाची बाज मध्ये खोल जाते आणि तिच्यावर मोडलेला कणा वाकतो. फळीवर तो सरळ राहतो. आडरानातल्या गावांत आजारी माणसाला बाजेवर निजवून, ती बाज बांबूला बांधून, चार खांद्यांवरून दवाखान्यात नेण्याची रीत आहे. त्या बाजेत एक फळी असती तर किती कण्यांचे पुढचे नुकसान टळले असते, असे सहज मनात येते.

पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक शिपाई थोड्याच काळात मेले, आणि ते गोळीने मेले नाहीत. शरीराच्या खालच्या भागाची संवेदना गेली की एकाच कुशीवर पडून राहिल्याचे कळत नाही. दाबाखालचे मांस मरते, तेथे व्रण पडतात, व्रण कुजतात. मूत्राशय रिकामे होत नाही, त्यात जंतू वाढतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. जर्मनीतून परागंदा झालेला ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान याने १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे ह्या रोग्यांसाठी विभाग उघडला. त्याचा पहिला दंडक ऐकण्यास अगदी साधा होता : दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, रोग्याची कूस बदलावयाची. १९४८ च्या २९ जुलै रोजी त्याने अशाच सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली, आणि तिच्यातून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. तो झेंड्यांचा आणि बिगुलांचा इतिहास जगाला माहीत आहे. दोन तासांच्या कुशीचा फारसा कोणाला माहीत नाही.

आता ही कूस खेड्यातल्या घरात कोण बदलतो? परिचारिका तेथे नसते. बायको असते, आई असते, धाकटी बहीण असते. दिवसात बारा वेळा, वर्षात चार हजारांहून अधिक वेळा. झाडावरून पडलेला, बैलगाडीखाली सापडलेला, अलीकडे मोटारसायकलवरून फेकला गेलेला जो गडी वर्षानुवर्षे जगतो, तो ह्या मोजणीवर जगतो. त्या बाईला विचाराल तर ती ह्याला श्रद्धा म्हणणार नाही, काम म्हणेल. आम्ही तिला नेम म्हणतो.

अशा घरांच्या नोंदी राहत नाहीत. ह्या मुलखात एका घराच्या मात्र राहिल्या आहेत, म्हणून आम्ही आता वरोऱ्याच्या आनंदवनाकडे वळतो. बाबा आमटे यांच्या कण्यावर अपघात कोसळला नव्हता. त्यांच्या मानेचे आणि कंबरेचे मणके झिजले होते. पण परिणाम कोणत्याही दुखापतीइतकाच भयंकर होता. उत्तरायुष्यातली कित्येक वर्षे त्यांना बसता येत नसे. एक उभे राहणे, नाही तर आडवे होणे. बसणे ही क्रिया आयुष्यातून वजा केली तर काय काय जाते ह्याचा हिशेब श्रोत्यांनी आपल्याशीच करून पाहावा. पानावर बसून जेवणे जाते, खुर्ची-टेबलाचे लिहिणे जाते, साधा प्रवासही जातो.

ज्या माणसावर हे ओढवले तो शरीरकष्टात मुरलेला होता. हिंगणघाट येथे २६ डिसेंबर १९१४ रोजी जन्मलेला हा मालगुजाराचा मुलगा, वरोऱ्याचा वकील. त्याने भंगीकाम करून पाहिले, डोक्यावरून मैल्याच्या टोपल्या वाहिल्या. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर तो सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर उतरला. बरोबर पत्नी आणि दोन लहान मुले. तेथे विहिरी खणल्या त्या ह्याच हातांनी आणि बोटे झडलेल्या सोबत्यांच्या हातांनी.

आम्हांला ह्या ठिकाणी एक विलक्षण योग दिसतो. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात आणि वेदना नाहीशी होते. हात भाजला तरी कळत नाही, म्हणून तो झडतो. वेलोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे सिद्ध करून दाखविले. कणा तुटलेल्या रोग्याचे व्रण आणि कुष्ठरोग्याचे व्रण हे त्या अर्थाने सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही रोज डोळ्यांनी तपासावे लागते, कारण आतून कोणी ओरडत नाही. त्याच वेलोरात डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ साली मोटार-अपघातात कंबरेखाली लुळ्या झाल्या, आणि पुढे चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. आनंदवनात मात्र उलट प्रकार होता. ज्यांना वेदनाच होत नाही अशा शेकडोंच्या मध्ये एक माणूस असह्य वेदना घेऊन आडवा पडला होता. दुसऱ्याच्या बधिर शरीराची जी रोजची निगा त्या वस्तीने शिकून घेतली होती, तीच निगा घरातल्या माणसासाठीही होती. आनंदवनाला पांगळेपणाची भीती उरली नव्हती, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता घरातील श्रद्धेचा प्रश्न. साधनाताई ह्या नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या कन्या, पूर्वाश्रमीच्या इंदू. संस्कृत विद्येचे, देवधर्माचे घराणे. ह्या घरातील लग्नसमारंभात पाहुण्यांच्या गडबडीतून हळूच निघून म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुवू लागणारी मुलगी बाबांनी पाहिली आणि तिला मागणी घातली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. विवाह १९४६ च्या डिसेंबरात झाला. पतीची ओढ देवळाकडे नव्हती. पत्नीची परंपरागत भक्ती कायम राहिली. दोन श्रद्धा एका छपराखाली साठ वर्षे नांदल्या आणि एकीने दुसरीला बाटविले नाही. साधनाताईंनी आपल्या आत्मकथनाला ‘समिधा’ हे नाव दिले. ते नाव यज्ञातून आले आहे, आणि यज्ञ हा नवस नव्हे. त्यात जळणाऱ्या काष्ठाला फळ मिळत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांला उडवून लावता येत नाही. पुरुषाच्या शय्येचे तपोभूमीत रूपांतर होते आणि त्या शय्येची चादर बदलणारी बाई इतिहासात ‘अर्धांगिनी’ ह्या एका शब्दात आटोपली जाते. खरे आहे. पती बसू शकत नाही म्हणजे त्याचे जेवण, त्याचे पाहुणे, त्याचा प्रवास ह्या सगळ्यांची घडी बाईच्या दिवसात बसवावी लागते. बाबांच्या नावावर १९८५ चा मॅगसेसे पुरस्कार आहे, १९८६ चे पद्मविभूषण आहे. ह्या घडीच्या नावावर काही नाही. म्हणून बाबांच्या कण्याचा इतिहास लिहावयाचा तर तो त्या घडीचाच इतिहास झाला पाहिजे, असे आमचे मत आहे.

आणि ती घडी कशी विस्तारत गेली पाहा. सामान्यतः घरचा कर्ता पडला की कुटुंब आपला संसार आवरता घेते. ह्या कुटुंबाने तो पसरला. दोन्ही मुलगे डॉक्टर झाले. १९७३ च्या २३ डिसेंबरला भामरागडच्या रानात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि धाकटे डॉ. प्रकाश पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह तेथे माडियांच्या वस्तीत राहिले. थोरले डॉ. विकास यांनी आनंदवनाचा भार उचलला. १९८५ च्या डिसेंबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, बाबांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण सायकलींवर, आणि बाबा बरोबरच्या गाडीत बिछान्यावर. पाच हजार किलोमीटरांचा रस्ता त्यांनी बहुधा छताकडे पाहत काटला असेल. १९८८ मध्ये दुसरी यात्रा पूर्वेकडून गुजरातकडे निघाली. १९९० साली ते आनंदवन सोडून बडवाणीजवळ कसरावदला नर्मदेच्या काठी राहावयास गेले. नदीने गाव बुडवायचेच झाले तर तेथेच असावे ह्या निर्धाराने ते दहा वर्षांच्या आसपास तेथे राहिले. साधनाताई बरोबर होत्या, त्यांचीही साठी तेव्हा उलटली होती. दुखऱ्या कण्याच्या माणसाला घर बदलणे हे निरोगी माणसाच्या वनवासाइतके कठीण. ते करताना त्या बाईने नवस केला की नाही हे आम्ही विचारणार नाही. बिछाना नदीकाठी नेऊन घातला गेला, एवढे इतिहासाला पुरे.

महाराष्ट्रातील दुसरे एक उदाहरण ओझरते सांगतो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे सैनिक मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. एक गोळी कण्यात होती. पोहणे त्यांना उपचार म्हणून सांगण्यात आले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पण अशा उदाहरणांनी घरोघरच्या लोकांवर एक अन्यायही होतो. प्रत्येक आजाऱ्याने पदक आणावे अशी अपेक्षा सुरू होते, आणि ती अपेक्षा म्हणजे नव्या कपड्यांतला नवसच.

म्हणून शेवटी गडचिरोलीच्या शोधग्रामाकडे जाऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ह्या जिल्ह्यात काम आरंभिले. आदिवासींना मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, असे विचारपुशीत निघाले. तेव्हा लोकांच्याच सल्ल्याने दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, नातेवाइकांना रोग्यापाशी राहता येईल असा, आणि त्याला नाव दिले गेले ते माँ दंतेश्वरीचे. दंतेश्वरी ही त्यांची देवी. पुढे ह्याच दवाखान्यात मुंबईचे मणक्यांचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी येऊन कण्याच्या शस्त्रक्रिया करू लागले. भाताच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या, डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या माणसांची पाठ हा त्या भागातला किती मोठा आजार आहे, हे तेथील पाहण्यांतून आधीच पुढे आले होते.

देवीचे देऊळ तेथे वाटेवरच आहे. रोग्याला घेऊन आलेली माणसे प्रथम तेथे हात जोडतात, मग दवाखान्यात जातात. त्यांना कोणी अडवीत नाही. शस्त्रक्रिया झालेला रोगी घरी निघाला की रोजचे व्यायाम, उठण्याबसण्याच्या रीती आणि ओझे उचलण्याची पद्धत सांगावी लागते. ती नुसती रोग्याला सांगून भागत नाही, कारण गावी गेल्यावर आठवण करून देणारे दुसरेच कोणी असते.