कॅमेरा घेतला, पण मनासारखे फोटोच येईनात? वऱ्हाडातल्या हौशी फोटोग्राफर्सच्या ८ अडचणी आणि त्यांची कारणं

पगारातून पैसे साठवून किंवा हप्त्यावर कॅमेरा घ्यायचा, पहिल्या महिन्यात हजार-दोन हजार फोटो काढायचे आणि वर्षभरात बॅग कपाटावर टाकून द्यायची. अमरावती-अकोल्यात असे कितीतरी कॅमेरे धूळ खात पडलेले सापडतील. "आपल्याला जमत नाही" असं म्हणून लोक छंद सोडतात. पण बऱ्याचदा दोष त्यांचा नसतो आणि कॅमेऱ्याचाही नसतो. इथलं ऊन, धुकं, जंगल आणि नियम समजून घेतले तर निम्मी चिडचिड कमी होते. एकेक अडचण पाहू.

१. महागडी लेन्स असूनही लांबचा फोटो धूसर का येतो?

एप्रिल-मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा उन्हात जमीन तापते आणि तिच्यावरची गरम हवा सतत हलत राहते. डांबरी रस्त्यावर लांबून पाणी दिसल्याचा भास होतो, तोच हा प्रकार. शंभर मीटरवरचं हरीण टिपताना प्रकाश या हलत्या हवेतून येतो आणि फोटो मऊ पडतो. लाखाची लेन्स लावली तरी हवा बदलत नाही. उपाय दोनच. सकाळी ऊन तापण्याआधी फोटो काढा, नाहीतर विषयाच्या जवळ जाता येईल अशी जागा निवडा.

२. चिखलदऱ्याच्या धुक्यात कॅमेरा फोकसच का करत नाही?

ऑटोफोकसला उजेड आणि अंधार यांतला फरक लागतो. धुक्यात सगळंच पांढुरकं असतं, म्हणून लेन्स पुढे-मागे फिरत राहते. झाडाचं खोड, रेलिंग, माणसाची आकृती अशा गडद कडेवर फोकस करा किंवा मॅन्युअल फोकस वापरा. दुसरी तक्रार असते, "धुकं पांढरं होतं, फोटोत राखाडी आलं." कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून उजेड मोजतो. त्यामुळे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करून पाहा.

घरी आल्यावरही काम संपत नाही. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काढणं खर्चिक असतं. कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पुडी एवढ्यावर सुरुवातीला भागतं.

३. मेळघाटात चार सफारी केल्या, वाघ का नाही दिसला?

१९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली, तेव्हाच्या देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांमध्ये मेळघाट होता. त्याचं क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे, तर ताडोबाचं सुमारे १,७२७. मेळघाट मोठं आहे, पण वाघ ताडोबापेक्षा कमी आहेत. त्यात सातपुड्याचे डोंगर, दऱ्या आणि सागाचं दाट रान. त्यामुळे ताडोबाचे रील्स पाहून मेळघाटात गेलात तर निराशा ठरलेली आहे.

पण सेमाडोह, कोलकास, शहानूर भागात गवे, अस्वल, सांबर, घुबडं आणि नदीकाठचं जंगल आहे. १८८४ नंतर नोंदच नसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो मेळघाटातही आहे आणि दिवसा वावरतो. तो दिसला तर मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका आणि घरट्याचं लोकेशन पोस्टमध्ये टाकू नका. एका फोटोसाठी झालेली गर्दी संकटात असलेल्या पक्ष्याला घरटं सोडायला लावू शकते.

४. रात्रीच्या मिरवणुकीत सगळे फोटो हललेले का येतात?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड यात्रा असते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन शिवभक्त रात्रभर चालत राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. अंधार, धावती माणसं आणि कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स, अशी सगळी अडचण एकत्र येते. ही लेन्स झूम केल्यावर साधारण एफ/५.६ वर थांबते. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहा पट जास्त प्रकाश आत घेते आणि लेन्समध्ये ती सगळ्यात स्वस्त प्रकारात मोडते. शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका, आयएसओ ३२०० किंवा ६४०० ला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

५. इन्स्टाग्रामवर टाकला की फोटोचा दर्जा का उतरतो?

२४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. इन्स्टाग्राम मात्र फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंदीवर आणतं. १०८० × १३५० च्या उभ्या पोस्टमध्ये जेमतेम १४-१५ लाख पिक्सेल उरतात. म्हणून पोस्ट करण्याआधी स्वतःच १०८० रुंदीची प्रत तयार करा. यातून आणखी एक गोष्ट कळते. फोटो फक्त मोबाईलवरच दिसणार असतील, तर जास्त मेगापिक्सेलसाठी नवा कॅमेरा घेण्यात अर्थ नाही.

६. किल्ल्यावर ट्रायपॉड लावला की का हटकतात?

गाविलगड, नरनाळा, बाळापूरची छत्री ही केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. ट्रायपॉड किंवा व्यावसायिक शूटिंग असेल तर आधी परवानगी लागते.

ड्रोनचे नियम वेगळे आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार 'डिजिटल स्काय'च्या नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत. हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर परवानगी लागते आणि सुरू असलेल्या विमानतळाभोवती १२ किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत. एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून प्रवासी विमानं सुरू झाली, त्यामुळे अमरावतीकरांनी प्रत्येक वेळी नकाशा पाहूनच उडवावं.

७. "तुह्यापाशी कॅमेरा हाय ना, मंग लग्नात घेऊन येजो"

ही अडचण तांत्रिक नाही, पण छंद मारते तीच. मामाचं लग्न, मित्राचं बारसं, कॉलनीतला गणपती, सगळीकडे तुम्ही फुकटचे फोटोग्राफर. जेवणाची पंगत उठली तरी तुमचं ताट वाढलेलं नसतं आणि दुसऱ्या दिवसापासून "फोटो कधी देतो?" सुरू होतं. आधीच सांगून टाका, "एक तास काढतो, निवडक वीस फोटो देतो." नात्यात वाईटपणा येत नाही आणि लग्नाची पूर्ण जबाबदारी व्यावसायिक फोटोग्राफरकडे राहते. त्याचं घर त्यावर चालतं, हेही विसरू नका.

याची दुसरी बाजूही आहे. मेळघाटात कोरकू बायका-मुलांचे फोटो न विचारता काढणारे कमी नाहीत. आधी बोला, विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या. काढलेला फोटो त्यांना पाठवा.

८. माझा फोटो दुसऱ्याच पेजने उचलला, आता काय?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोचा पहिला हक्क काढणाऱ्याचाच असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पैसे घेऊन कुणासाठी फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसताना हक्क साधारणपणे पैसे देणाऱ्याकडे जातो. मूळ फाईल जपून ठेवा, तोच पुरावा. आधी पेजला मेसेज करा, दाद दिली नाही तर प्लॅटफॉर्मच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार करा.

मग कधी, कुठे जायचं?

पावसाळ्यात चिखलदऱ्याचं धुकं. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी अमरावतीचा छत्री तलाव, वडाळी आणि अकोल्याजवळचा कापशी तलाव. नवरात्रात अंबादेवी परिसर. उन्हाळ्यात साग पानं गाळतो आणि रानात लांबवर दिसतं, पण फोटो सकाळी आठच्या आतले. नवीन लेन्स घेण्याआधी यातली एकच जागा निवडा आणि तिथे सलग दहा वेळा जा. कुठला उजेड कधी येतो ते कळू लागलं की लेन्सची गरज खरी होती का, हेही आपोआप कळतं.